भावाने ऑनलाइन कॅसिनोला आधार-पॅन दिलंय, माहिती सुरक्षित राहील का?

प्रश्न कोपरखैरण्याच्या एका ताईंचा आहे. धाकट्या भावाने एका परदेशी ऑनलाइन कॅसिनोवर खातं उघडलं, तेव्हा फक्त मोबाइल नंबर लागला होता. अकरा हजार जिंकले आणि ते काढायला गेला, तेव्हा आधार, पॅन, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि आधार हातात धरून काढलेला सेल्फी मागितला. पठ्ठ्याने रात्री दीड वाजता सगळं अपलोड करून टाकलं. आता घरात वाद चालू आहे. ताई म्हणतात माहिती गेली. भाऊ म्हणतो साइटच्या तळाशी ‘२५६-बिट एसएसएल’ लिहिलंय, शेजारी एका बेटाच्या लायसन्सचा शिक्का आहे, म्हणजे बँकेइतकंच सुरक्षित.

ताई, मी अठरा वर्षं पेमेंट सिक्युरिटीत आहे. सुरुवात महापे एमआयडीसीतून झाली, नंतर कार्डने पैसे घेणाऱ्या कंपन्यांचे ऑडिट केले, आणि मधली दोन वर्षं ऐरोलीत एका युरोपीय गेमिंग कंपनीच्या बॅक-ऑफिसची सुरक्षा माझ्याकडे होती. तरीही तुम्ही साइटचं नाव दिलेलं नाही, त्यामुळे ‘सुरक्षित’ किंवा ‘गेलं’ असा एका शब्दातला निकाल मी देणार नाही. रिपोर्ट न बघता गोळ्या लिहून देण्यासारखं होईल ते. पण कसं तपासायचं ते सांगता येतं.

मुळात तुमच्या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेत. माहिती वाटेत किंवा त्यांच्या सर्व्हरवरून तिसरा कोणी चोरेल का, हा एक. आणि ज्याच्या हातात दिली तोच तिचं काय करेल, हा दुसरा. भाऊ पहिल्याचं उत्तर देतोय, तुम्हाला भीती दुसऱ्याची आहे.

आधी वाटेचं बघू. एसएसएल म्हणजे मोबाइल आणि साइट यांच्यातली माहिती कुलूपबंद करून पाठवायची पद्धत. हा शब्द अजून जाहिरातीत चालतो याचीच मला गंमत वाटते. त्याची शेवटची आवृत्ती २०१५ मध्येच अधिकृतपणे मोडीत निघाली. आज वापरात आहे ती तिची वारसदार पद्धत टीएलएस, आणि त्याची १.३ ही आवृत्ती २०१८ची. काम चोख आहे. भावाच्या मोबाइलपासून सर्व्हरपर्यंत जे जातं ते मधल्या कोणाला वाचता येत नाही, मग तो वाशी स्टेशनबाहेरच्या चहावाल्याचा वायफाय का असेना. पण साइटला त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र पाच मिनिटांत आणि फुकट मिळतं. फसवणुकीसाठीच उभ्या केलेल्या साइटलाही मिळतं. लोक ब्राउझरमधल्या कुलपाच्या चित्राचा अर्थ ‘दुकान विश्वासाचं’ असा घ्यायला लागले, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकलं. दागिने बंद गाडीतून नेले हे ठीक, पण गाडी गोखले रोडवरच्या सराफाच्या दारात थांबली की भलत्याच गल्लीत, हे ती गाडी सांगत नाही.

आता कार्डाची माहिती. ताई, मला सगळ्यात कमी काळजी हिची वाटते. कार्ड कंपन्यांचा पीसीआय डीएसएस नावाचा नियमसंच आहे आणि जो कोणी कार्डने पैसे घेतो त्याला तो लागू होतो. व्यवहार मंजूर झाल्यावर मागचा तीन आकडी सीव्हीव्ही साठवायचाच नाही, एन्क्रिप्ट म्हणजे सांकेतिक रूपात करूनसुद्धा नाही. स्क्रीनवर जास्तीत जास्त बँक ओळखवणारे सुरुवातीचे सहा ते आठ आणि शेवटचे चार आकडे दाखवायचे. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडे दुकानदाराला कार्ड नंबर साठवताच येत नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे त्या दुकानापुरता बदली आकडा राहतो. ते चोरीला गेलं तरी दुसऱ्या दुकानात चालत नाही. अर्थात हा नियम भारतातल्या दुकानदाराला. परदेशी साइटने नंबर थेट टाइप करून घेतला असेल तर तिथे टोकनचं संरक्षण धरून चालू नका.

नियम आहे म्हणजे पाळला जातो असंही नाही. ऑडिटला गेलो की मी आधी धोरणांची फाइल उघडत नाही, लॉग फाइल मागतो. सर्व्हर दिवसभर काय काय झालं ते लिहून ठेवतो, त्या ढिगाऱ्यात सलग सोळा आकडे शोधायचे. सोळा आकडे दिसले म्हणजे कार्डच असं नाही, ऑर्डर नंबरही असतो. मग लुन नावाची एक बेरीज असते, एक आड एक आकडा दुप्पट करून केलेली. ती दहाच्या पटीत आली की कार्ड असण्याची शक्यता दाट. एका कंपनीत पीसीआयचं प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेम करून लावलेलं होतं आणि लॉगमध्ये हजारो पूर्ण कार्ड नंबर सापडले. कारण काय, तर दिवाळीच्या गर्दीत पेमेंट अडकत होती, एका मुलाने तपासासाठी डीबग मोड, म्हणजे लॉगमध्ये सगळं तपशिलात लिहून ठेवायची सोय, चालू केला आणि पुढे तो बंद करायला कोणालाच आठवलं नाही. चोर कोणी नव्हता, पण चोरासाठी ताट वाढून ठेवलेलं होतं.

पासवर्डचं थोडक्यात सांगतो. चांगली साइट पासवर्ड साठवतच नाही, आर्गॉन२ किंवा बीक्रिप्टसारख्या पद्धतीने केलेला त्याचा हॅश साठवते, ज्यावरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही. हे घरबसल्या तपासता येतं. ‘पासवर्ड विसरलो’ दाबा. नवा ठरवायची लिंक आली तर बरं. जुनाच पासवर्ड ईमेलमध्ये लिहून आला तर त्याच दिवशी तिथून निघा. आणि एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरायचा नाही, हे तर आता पोरंही सांगतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ड्राफ्टकिंग्ज या बेटिंग कंपनीची सुमारे ६८ हजार खाती उघडली गेली आणि काही लाख डॉलरची रक्कम लांबवली गेली. कंपनीच्या म्हणण्यानुसार त्यांच्या यंत्रणेला भगदाड पडलं नव्हतं. दुसरीकडून फुटलेले पासवर्ड तिथे लावून बघितले आणि ते चालले.

खरा मुद्दा कागदपत्रांचा. कार्ड फुटलं तर बँक नवं देते, पासवर्ड दोन मिनिटांत बदलतो. आधार नंबर, पॅन, जन्मतारीख आणि भावाचा चेहरा मात्र बदलता येत नाही.

आधी त्यांची बाजू सांगतो, कारण कागद मागणं हीच फसवणूक असं नाही. परवानाधारक कॅसिनोला खेळाडूचं वय तपासावं लागतं, पैसा काळा नाही ना हे बघावं लागतं. म्हणून केवायसी. आणि हे कागद कायद्यानेच काही वर्षं ठेवावे लागतात. ब्रिटनमध्ये संबंध संपल्यावर साधारण पाच वर्षं. म्हणजे भावाने आज खातं बंद केलं म्हणून उद्या फाइल पुसली जाईल असं कुठल्याच प्रामाणिक कंपनीतही होत नाही.

चांगल्या ठिकाणी हे कागद कसे हाताळतात ते ऐरोलीच्या त्या मजल्यावर मी रोज बघितलंय. दाराशी लॉकर. मोबाइल, स्मार्टवॉच, पेन, कागद, सगळं बाहेर. आत फक्त पारदर्शक पाण्याची बाटली. पडद्यावर जे आधार किंवा पासपोर्ट उघडायचं त्यावर तिरक्या अक्षरात तपासणाऱ्याचं स्वतःचं नाव आणि वेळ उमटायची, म्हणजे कोणी फोटो काढलाच तर कोणाच्या पडद्यावरून गेला ते लगेच कळावं. कॉपी-पेस्ट बंद, यूएसबी बंद. तपासणाऱ्याला फक्त त्याच्या रांगेत आलेलंच कागदपत्र दिसायचं, नाव टाकून शोधायची सोय नव्हती. एकदा एका मुलीने सुपरवायझरला विचारायचं म्हणून एक केस नंबर तळहातावर लिहिला. बाहेर पडताना गार्डने हात बघितला, तिला सॅनिटायझर देऊन तो पुसायला लावला आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. ती बिचारी रडवेली झाली होती. मला तेव्हा ते अति वाटलं होतं, आज वाटत नाही.

आणि त्याच कंपनीत, त्याच वर्षी, मार्केटिंगवाल्यांनी मोठी रक्कम लावणाऱ्या खेळाडूंची यादी एक्सेलमध्ये उतरवून बाहेरच्या एजन्सीला ईमेल केली. नाव, फोन, वाढदिवस, सरासरी किती लावतो, शेवटचं कधी हरला. हातावरचा नंबर पुसणाऱ्या गार्डच्या डोक्यावरून यादी गेली. माझा अनुभव असा की तिजोरी फुटण्यापेक्षा शेजारचा दरवाजा उघडा राहण्याचं प्रमाण फार जास्त आहे. ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मध्ये लास व्हेगासच्या दोन बलाढ्य कॅसिनो कंपन्यांचं हेच झालं. सीझर्सच्या बाहेरच्या आयटी सपोर्ट पुरवठादाराला गोड बोलून गंडवण्यात आलं आणि ग्राहक-सदस्यांचा डेटाबेस गेला, त्यात बऱ्याच जणांचे ड्रायव्हिंग लायसन्सचे नंबर होते. एमजीएमला सप्टेंबरमधल्या हल्ल्याचा फटका सुमारे दहा कोटी डॉलरचा बसला. पैसा, माणसं, यंत्रणा, सगळं असलेल्या कंपन्या या.

मग चांगल्या आणि वाईट कॅसिनोत फरक काय? चुका दोघांकडे होतात. फरक इतकाच की चूक झाल्यावर एकाला कोणीतरी जाब विचारतो. ब्रिटनचा जुगार नियामक, गॅम्बलिंग कमिशन, परवाना देतो, तेव्हा आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेलं सुरक्षा ऑडिट बाहेरच्या माणसाकडून दरवर्षी करून घ्यावं लागतं. युरोपात जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्याखाली, लोकांना धोका पोचेल अशी गळती कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला कळवावी लागते आणि दंड जगभरच्या उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात लॉकर होते ते मालक सज्जन होता म्हणून नाही, या दंडाच्या धाकाने होते.

भावाच्या साइटवरचा बेटाचा शिक्का बहुधा कुरसावचा असेल. तिथे बरीच वर्षं मोजके मास्टर परवाने आणि त्यांच्या पोटात असंख्य उप-परवाने असा कारभार होता, तक्रार कोणाकडे करायची याचाच पत्ता नसायचा. डिसेंबर २०२४ पासून तिथे नवा कायदा आलाय आणि परवाने सरळ नियामक देतो. त्या शिक्क्यावर क्लिक करून बघा. नियामकाच्या स्वतःच्या साइटवर त्याच वेबपत्त्याची नोंद उघडली पाहिजे. नुसतंच चित्र असेल, किंवा त्याच साइटचं दुसरं पान उघडत असेल, तर तो शिक्का झेरॉक्सच्या दुकानातला समजा.

पण शिक्का खरा निघाला तरी आपल्याकडे एक पाचर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा, भारतात पुरवायला बंदी. पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, आणि बँका व पेमेंट कंपन्यांनाही असे व्यवहार करून द्यायला मनाई. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, तेवढा जीव भांड्यात पडू द्या. (आपल्या महाराष्ट्राची तऱ्हा आणखी वेगळी. कॅसिनोला परवानगी देणारा राज्याचा कायदा १९७६ पासून कागदावर होता, एकही कॅसिनो न उघडता तो २०२३ मध्ये रद्द झाला.)

ऑनलाइन खेळांवरच्या या बंदीचा माहितीशी संबंध असा. जी साइट आज कोपरखैरण्यातून पैसे घेतेय ती एक कायदा उघड मोडून घेतेय. तीच साइट २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मात्र निमूटपणे पाळेल, असं धरून चालायला मला तरी आधार दिसत नाही. त्या कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीपणाला २५० कोटींपर्यंत दंड आहे, भारतातल्या लोकांना सेवा विकणाऱ्या परदेशी कंपनीलाही तो लागू करण्याची तरतूद आहे. पण नोटीस बजावायची कोणत्या पत्त्यावर?

इथे पैशाची वाट बघणं महत्त्वाचं आहे, आणि हे तुम्ही स्वतः करू शकता. सरळ पेमेंट गेटवे मिळत नाही म्हणून अशा साइट भाड्याच्या खात्यांवर चालतात. भरणा करायला गेलं की दरवेळी नवा यूपीआय आयडी किंवा नवा क्यूआर येतो. नाव कधी कुठल्या किराणा दुकानाचं, कधी ट्रेडर्सचं, कधी कोण्या अनोळखी बाईचं. ही खाती कमिशनवर दिलेली असतात, आमच्या भाषेत म्यूल. म्हणजे माहिती फक्त कॅसिनोकडे राहत नाही. भावाचं नाव, यूपीआय आयडी आणि रकमा या दलालांच्या साखळीतही फिरतात, आणि तिथे ना लॉकर आहेत ना गार्ड.

जिंकलेले पैसेही त्याच वाटेने येतात. वागळे इस्टेटमधल्या माझ्या ओळखीच्या एका टर्नरला असेच नऊ हजार आले. तीन आठवड्यांनी खातं गोठलं, पगारासकट. ते नऊ हजार दुसऱ्या राज्यातल्या कुठल्यातरी फसवलेल्या माणसाच्या खात्यातून निघाले होते, त्याने सायबर पोलिसांत तक्रार केली आणि पैशाचा माग काढत काढत साखळी याच्यापर्यंत आली. खातं मोकळं व्हायला चार महिने लागले, तोवर घरभाडं मेहुण्याने भरलं. त्यामुळे भावाचे अकरा हजार आले नसतील तर त्यासाठी भांडत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ‘आधी कर भरा’, ‘आधी रिलीज फी भरा, मग पैसे सुटतील’ असा मेसेज आला तर तो शंभर टक्के सापळा. कर कापायचा असेल तर रकमेतून कापतात, वर मागत नाहीत.

आता करायचं काय. कागद परत येणार नाहीत हे धरून त्यांचा गैरवापर लवकर लक्षात कसा येईल ते बघायचं. भावाने आधारचं बायोमेट्रिक लॉक करावं, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून किंवा अॅपमधून दोन मिनिटांत होतं. तिथेच आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याचा इतिहासही दिसतो, तो महिन्यातून एकदा बघावा. पॅनवर कोणी कर्ज काढलंय का हे क्रेडिट रिपोर्टमध्ये कळतं. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीने वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, पैसे भरून घ्यायची गरज नाही. चार कंपन्या आहेत, दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला तर वर्षभर लक्ष राहतं. त्याच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं, अनोळखी नंबर असेल तर तिथूनच ‘माझा नाही’ असं कळवता येतं. हातात आधार धरलेल्या सेल्फीची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे ती सिम आणि झटपट कर्जांमुळेच.

साइटचं अॅप प्ले स्टोअरवरून न घेता व्हॉट्सअॅपवर आलेल्या एपीके फाइलमधून टाकलं असेल तर ते आजच काढा. काढण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन त्याला कोणत्या परवानग्या दिल्यात ते बघा. एसएमएस वाचायची परवानगी असेल तर बँकेचे सगळे ओटीपी त्याला दिसत होते असं समजा, आणि दुसऱ्या मोबाइलवरून नेट बँकिंगचा पासवर्ड व यूपीआय पिन बदला. खात्यातून न केलेला व्यवहार दिसला तर बँकेच्या शाखेत जायची वाट न बघता लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन. पहिले काही तास हातात असले तर पैसे मधल्या खात्यात अडवता येतात.

साइटला खातं बंद करून माहिती पुसा असा ईमेल जरूर पाठवा आणि त्याची प्रत ठेवा. पुसतील म्हणून नव्हे. उद्या कुठे जबाब द्यायची वेळ आली तर अमुक तारखेला आपण हात काढून घेतला होता, हे दाखवायला कामी येतं. आणि पुढे कुठेही, अगदी घोडबंदर रोडच्या सोसायटीत भाडेकरार करतानाही, आधार द्यायचं तर मास्क केलेलं द्या, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. प्रतीवर आडवं लिहा कोणासाठी, कशासाठी, तारीख. माझी आई रेशन दुकानातही असं लिहून देते आणि दुकानदार तिला हसतो. हसू दे.

ताई, भावाला ओरडून उपयोग नाही. रात्री दीड वाजता कागद अपलोड करणारा माणूस अकरा हजारांच्या आनंदात होता की आधी गेलेले भरून काढायच्या घाईत, हे त्यालाच शांतपणे विचारा. दुसरं उत्तर आलं तर विषय माहितीच्या सुरक्षेपुरता राहत नाही. सध्या एवढं करा: त्याचं यूपीआय अॅप उघडून त्या साइटला भरलेल्या शेवटच्या पाच रकमा कोणाकोणाच्या नावाने गेल्यात ते बघा आणि नावं न टाकता फक्त इतकंच इथे सांगा, पाचही वेळा नाव एकच होतं की वेगवेगळं. वेगवेगळं असेल तर पगाराचं खातं बदलण्याबद्दल बोलू.